सौदा आपल्या वखारीएवढा : लहान वायदे व दलालाची निवड

आपल्या संघाच्या सभासदांत, व विशेषेकरून पेढीवर नव्याने बसू लागलेल्या तरुण मंडळींत, गेल्या काही वर्षांपासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "वायदेबाजारातील एक सौदा म्हणजे लाखो रुपयांची जोखीम. आमच्यासारख्यांना झेपेल असा लहान सौदा देणारा दलाल कोठे मिळेल ?" प्रश्न रास्त आहे. गुडीहत्नूर, इच्चोडा, उटनूर, इंद्रवेल्ली या भागातील व्यापारी मुंबईच्या सटोडियाइतका बलाढ्य नाही. त्याच्या वखारीत कधी चाळीस पोती हरभरा असतो, कधी शंभर पोती सोयाबीन. भाव कोसळला तर वर्षाची कमाई एका आठवड्यात जाते. तेव्हा आपल्या मालाच्या मापाचे संरक्षण शोधणे हा दोष नव्हे, ते व्यापाऱ्याचे कर्तव्यच होय.

परंतु या प्रश्नाची मांडणीच थोडी उलटी आहे, आणि त्या उलट्या मांडणीमुळेच पुष्कळांचे भांडवल धोक्यात येते. प्रस्तुत लेखाचा हेतू ती मांडणी सुलट करून दाखविणे एवढाच आहे.

सौद्याचे माप कोण ठरवितो ?

वायदा म्हणजे पुढील ठराविक महिन्यात, ठराविक प्रतीचा, ठराविक वजनाचा माल आज ठरलेल्या भावाने देण्या-घेण्याचा करार. यातील "ठराविक वजन" म्हणजेच व्यवहारात ज्याला आपण लॉट म्हणतो ते. हे वजन दलाल ठरवीत नाही. ते बाजार, म्हणजे एक्स्चेंज, सेबीच्या मान्यतेने ठरवितो व आपल्या करारपत्रात छापतो. पूर्वी वायदेबाजारावर 1952 च्या कायद्यान्वये वायदेबाजार आयोगाची देखरेख असे. हा आयोग 28 सप्टेंबर 2015 रोजी सेबीत विलीन झाला, आणि तेव्हापासून शेअर व माल या दोन्ही बाजारांवर एकाच संस्थेची नजर आहे.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा पण महत्त्वाचा आहे. दलाल आपल्याला बाजारातील लहान लॉट घेऊ देईल किंवा न देईल. परंतु बाजारात नसलेला लहान लॉट तो निर्माण करू शकत नाही. म्हणून शोधाचा क्रम असा असावा : प्रथम आपला माल, नंतर त्या मालाचा वायदा, नंतर त्या वायद्याचे माप, आणि सर्वांत शेवटी दलाल. जो प्रथम दलाल शोधतो तो दलालाच्या दुकानात जे असेल ते विकत घेऊन परत येतो.

लहान मापाची जुनी कथा

लहान व्यापाऱ्याची ही अडचण आजची नाही व केवळ आपलीही नाही. अमेरिकेत शिकागोच्या मुख्य धान्यबाजारात गव्हाचा एक सौदा 5,000 बुशेलांचा, म्हणजे सुमारे 136 टनांचा. लहान शेतकरी व अडते यांना तो पेलत नसे. तेव्हा 1880 मध्ये तेथे "ओपन बोर्ड" नावाचा दुसरा बाजार उभा राहिला व त्याने 1,000 बुशेलांचे, म्हणजे सुमारे 27 टनांचे सौदे चालविले. पुढे हाच बाजार "मिड-अमेरिका" या नावाने ओळखला गेला. मार्ग रीतसर होता व तो शतकाहून अधिक काळ टिकला.

परंतु त्याच काळात तेथे दुसरा, वाममार्गही निघाला. गल्लोगल्ली अशी दुकाने थाटली गेली की जेथे फळ्यावर शिकागोचा भाव लिहिला जाई, गिऱ्हाईक थोडक्या रकमेवर तेजी अथवा मंदी लावी, आणि त्याचा सौदा प्रत्यक्ष बाजारात कधी जातच नसे. गिऱ्हाईक हरले की पैसा दुकानदाराचा. गिऱ्हाइके फार जिंकू लागली की दुकानाला टाळे. 1905 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बाजारभावावर बाजाराचा हक्क मान्य केला, आणि अशा दुकानांची भाव मिळविण्याची वाट अडली.

आपल्या मुंबईतही असेच घडले. तेथे 1875 मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली व रुईच्या वायद्यास शिस्त आली. त्या मोठ्या बाजाराच्या सावलीत "कच्ची खंडी" या नावाने लहान प्रमाणाचा सट्टाही चालत असे. त्याहून पुढची पायरी म्हणजे न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या रुईच्या भावाच्या आकड्यांवर लागणारी पैज. 1961 च्या सुमारास ते आकडे बंद झाले, तेव्हा खेळणाऱ्यांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा चालू ठेवला. तोच मटका ! रुईपासून आरंभ झाला आणि शेवटी रुईचा एक धागाही त्यात उरला नाही. लहान माणसाच्या लहान रकमेला दोन वाटा असतात, एक बाजारात जाणारी आणि एक मडक्यात जाणारी, हे या इतिहासाने शिकविले आहे.

आज कोणते लहान वायदे उपलब्ध आहेत ?

मल्टी कमोडिटी एक्स्चेंज अर्थात एमसीएक्स हा बाजार 2003 मध्ये सुरू झाला. तेथे सोन्याचा मोठा सौदा 1 किलोचा आहे. त्याच्या जोडीला मिनी 100 ग्रॅमचा, गिनी 8 ग्रॅमचा व पेटल 1 ग्रॅमचा आहे. एप्रिल 2025 पासून 10 ग्रॅमचा सौदाही सुरू झाला. चांदीचा मोठा सौदा 30 किलोचा, मिनी 5 किलोचा व मायक्रो 1 किलोचा आहे.

या मापांचा अर्थ रुपयांत पाहावा. सोन्याचा भाव दहा ग्रॅममागे 100 रुपयांनी हलला, तर 1 किलोच्या सौद्यात 10,000 रुपयांचा फरक पडतो, 100 ग्रॅमच्या सौद्यात 1,000 चा, 10 ग्रॅमच्या सौद्यात 100 चा, आणि 1 ग्रॅमच्या सौद्यात केवळ 10 रुपयांचा. चांदीचा भाव किलोमागे 1,000 रुपयांनी हलला, तर अनुक्रमे 30,000, 5,000 व 1,000 रुपयांचा फरक पडतो. ज्या सराफ बंधूंच्या तिजोरीत दोन-तीनशे ग्रॅम सोने असते, त्यांच्यासाठी 100 ग्रॅमचा सौदा खरोखर उपयोगी आहे.

शेअरबाजाराच्या निर्देशांकात मात्र वारे उलट वाहिले. तेथे निफ्टीचा "मिनी" सौदा 2008 मध्ये आला आणि पुढे बंद झाला. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाने सेबीने निर्देशांकाच्या सौद्याचे किमान मूल्य 15 लाख रुपये केले. कारणही उघड आहे. सेबीच्याच अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअरबाजाराच्या वायदे व ऑप्शन विभागात शंभरापैकी 93 व्यक्तींना तोटा झाला, आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक भरला. ज्याच्यापाशी मूळ मालच नाही त्याच्या हाती लहान सौदा म्हणजे ढाल नव्हे, लहान चाकूच होय.

आपल्या जिल्ह्याच्या मालाचे काय ?

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. आदिलाबाद जिल्हा कापसाचा. एमसीएक्सवर रुईचा जुना सौदा 25 गाठींचा होता. 170 किलोची गाठ धरता 4,250 किलो रुई. 2022 मध्ये पुढील सौदे थांबविण्यात आले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये नवा सौदा आला तो 48 खंडींचा. रुईची खंडी सुमारे 355.56 किलोची असते (धान्याच्या जुन्या खंडीशी तिची गल्लत करू नये), म्हणजे एका सौद्यात सुमारे 17,000 किलो रुई, म्हणजेच जवळजवळ 100 गाठी. सोन्याचे माप लहान होत गेले, तर आपल्या रुईचे माप चौपट झाले !

याचा परिणाम एका हिशेबाने स्पष्ट होईल. एका व्यापाऱ्यापाशी 30 गाठी, म्हणजे 5,100 किलो अथवा सुमारे 14.34 खंडी रुई आहे. भाव पडेल या भीतीने त्याने वायदा विकला, आणि भाव उलट खंडीमागे 2,000 रुपयांनी वाढला असे धरू.

जुन्या मापाने एक सौदा, 25 गाठी : मालावर सुमारे 28,700 रुपये लाभ, वायद्यावर सुमारे 23,900 रुपये तोटा. फरक केवळ 4,800 रुपयांचा, तोही त्याच्या बाजूने. भाव तितकाच पडला असता तर तेवढाच तोटा झाला असता. यास संरक्षण म्हणतात.

नव्या मापाने एक सौदा, 48 खंडी : मालावर तोच सुमारे 28,700 रुपये लाभ, परंतु वायद्यावर 96,000 रुपये तोटा. म्हणजे भाव वाढूनही हा गृहस्थ सुमारे 67,300 रुपयांनी बुडाला. तीस गाठींचे संरक्षण घ्यावयास गेला आणि नकळत सत्तर गाठींची मंदी खेळला.

अशा वेळी चौघांनी मिळून एक सौदा घ्यावा ही कल्पना सुचते. तोंडी भागीदारीने हे करू नये. बाजारात सौदा ज्याच्या पॅन क्रमांकावर व खात्यावर असतो त्याचाच मानला जातो. तोट्याच्या दिवशी अनामत त्यालाच भरावी लागते आणि उरलेल्या तिघांच्या शब्दावर संबंध अवलंबून राहतो. रीतसर नोंदलेली भागीदारी पेढी आपल्या नावे खाते उघडू शकते, आणि एकत्र व्यवहार करावयाचाच असल्यास तीच वाट बरी.

धान्याची स्थिती तर याहून अडचणीची आहे. तुरीचा व उडदाचा वायदा जानेवारी 2007 मध्ये बंद करण्यात आला. हरभऱ्याचे नवे सौदे ऑगस्ट 2021 मध्ये थांबले. 20 डिसेंबर 2021 रोजी सेबीने हरभऱ्यासह गहू, बासमतीखेरीज भात, मूग, मोहरी, सोयाबीन व कच्चे पामतेल अशा सात मालांच्या वायद्यांना स्थगिती दिली. ही स्थगिती पुनःपुन्हा वाढवीत 31 मार्च 2026 पर्यंत नेण्यात आली. पुढील स्थिती काय आहे हे सौद्याचा विचार करण्यापूर्वी बाजाराच्या परिपत्रकात पाहून घ्यावे. स्थगितीपूर्वी हरभऱ्याचा सौदा 10 टनांचा, म्हणजे 100 क्विंटलांचा असे. चाळीस क्विंटलवाल्यास तोही मोठाच होता. आपल्या शेजारच्या निजामाबादेस ज्या वायद्याचे मूळ केंद्र मानले आहे त्या हळदीचा सौदा 5 टनांचा, म्हणजे 50 क्विंटलांचा असतो.

तात्पर्य, धान्याच्या व्यापाऱ्याने प्रामाणिकपणे शोध केला तर पुष्कळदा उत्तर "आपल्या मापाचा वायदा नाही" असेच येते. हे उत्तर कडू असले तरी ते भांडवल वाचविते. अशा वेळी जुने उपायच श्रेष्ठ : सर्व माल एका दिवशी न विकता टप्प्याटप्प्याने विकणे, खरेदी होताच काही भाग गिरणीस बांधून देणे, आणि 2007 च्या वखार कायद्यान्वये नोंदलेल्या वखारीत माल ठेवून तिच्या पावतीवर बँकेकडून कर्ज घेणे.

दलाल कसा पाहावा ?

आपल्या मालाचा, आपल्या मापाचा वायदा बाजारात चालू आहे अशी खात्री झाल्यावरच दलालाचा शोध सुरू करावा. त्या वेळी पुढील गोष्टी तपासाव्यात.

1. नोंदणी. दलालाचा सेबी नोंदणी क्रमांक मागावा. तो "आयएनझेड" या अक्षरांनी सुरू होतो. तो क्रमांक सेबीच्या यादीत आपण स्वतः पाहावा. दलालाने दाखविलेल्या कागदावर समाधान मानू नये.

2. सभासदत्व. ज्या बाजारातील वायदा हवा आहे त्याच बाजाराचा तो सभासद आहे काय ? अनेक दलाल केवळ शेअरचे काम करतात. काहींपाशी एमसीएक्स असते पण शेतमालाचा एनसीडीईएक्स नसतो.

3. लहान सौद्याची मुभा. मिनी, गिनी, पेटल, मायक्रो यांपैकी कोणते सौदे तो प्रत्यक्ष घेऊ देतो हे नावानिशी विचारावे.

4. अनामत. बाजाराने ठरविलेली किमान अनामत आगाऊ भरावीच लागते. दलाल त्याहून अधिक मागू शकतो. जो "अनामत न भरता सौदा देतो" असे म्हणेल, त्याच्यापासून दूर राहावे.

5. दलाली. ती सौद्यामागे ठराविक आहे की मूल्याच्या टक्क्याने, हे लेखी घ्यावे. याचे कारण पुढे सांगितले आहे.

6. माल देणे-घेणे. काही दलाल मुदतीपूर्वी गिऱ्हाइकाचा सौदा सक्तीने काटून टाकतात. ज्यास खरोखर माल द्यावयाचा अथवा घ्यावयाचा आहे त्याने हे प्रथमच विचारावे.

7. पैशाचा मार्ग. रक्कम केवळ आपल्या बँक खात्यातून दलालाच्या नोंदलेल्या खात्यात जावी. दलालास रोख रक्कम घेण्यास मनाई आहे. रोख मागणारा दलाल दलालच नव्हे.

8. कागद. प्रत्येक सौद्याचे करारपत्र, ज्यास काँट्रॅक्ट नोट म्हणतात, चोवीस तासांच्या आत मिळावयास हवे. ते रोजमेळाशी ताडून पाहावे, जसे आपण अडत्याची पट्टी ताडतो.

9. तक्रार. वाद झाल्यास प्रथम दलालाकडे, नंतर बाजाराकडे व सेबीच्या "स्कोअर्स" व्यवस्थेकडे जाता येते. 2023 पासून ऑनलाइन तडजोड व लवादाचीही सोय झाली आहे.

लहान सौद्याचा छुपा खर्च

लहान सौदा म्हणजे स्वस्त सौदा नव्हे. समजा, दलाल प्रत्येक व्यवहारास 20 रुपये घेतो. घेणे व विकणे मिळून 40 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 47 रुपये 20 पैसे. हा खर्च 100 ग्रॅम सोन्यावर ग्रॅममागे अर्ध्या रुपयाहूनही कमी पडतो. परंतु 1 ग्रॅमच्या सौद्यावर तोच खर्च ग्रॅममागे 47 रुपयांचा होतो ! भाव तेवढा हलेपर्यंत गिऱ्हाईक तोट्यातच असते. शिवाय सोने-चांदीसारख्या बिगर-शेतमालाच्या वायद्यावर 2013 पासून व्यवहार-करही आहे. त्यातच ज्या सौद्यात उलाढाल कमी त्यात घेण्याचा व विकण्याचा भाव यांत अंतर अधिक असते. म्हणून निवडलेल्या सौद्याची रोजची उलाढाल पाहिल्याशिवाय त्यात पाऊल टाकू नये. आत शिरणे सोपे आणि बाहेर पडणे महाग, अशी स्थिती होऊ देऊ नये.

डब्याची ओळख

शिकागोच्या दुकानांची जी पद्धत वर सांगितली, तिलाच आपल्याकडे डब्बा म्हणतात. पूर्वी तो मागच्या खोलीत चाले. आता तो मोबाइलच्या पडद्यावर चालतो व दिसण्यात खऱ्या बाजारासारखाच असतो. 1956 च्या रोखे करार कायद्याने असा बाहेरचा व्यवहार गुन्हा ठरविला आहे. मुख्य म्हणजे, त्यात बुडालेला पैसा मागावयास व्यापाऱ्यास बाजाराचे कोणतेही दार उघडे राहत नाही, कारण बाजाराच्या वहीत तो सौदा कधी उतरलेलाच नसतो.

याची खूण अगदी सोपी आहे. रुईचे 48 खंडींचे माप सोडून "आमच्याकडे पाच गाठींचा सौदा मिळतो" असे कोणी म्हणाला, अथवा ज्या मालाचा वायदाच बाजारात बंद आहे त्याचा "लहान लॉट" कोणी देऊ केला, तर तो वायदा नव्हे, डब्बा होय. करारपत्र नाही, अनामत नाही, हिशेब सोमवारी रोखीने, ही त्याची उरलेली लक्षणे. गंमत अशी की लहान व्यापाऱ्यास नेमके जे हवे असते तेच हा मनुष्य देऊ करतो, आणि त्याचे बळ त्यातच आहे.

समारोप

बंधूंनो, आपल्या व्यवसायात भांडवल गेले तर ते पुन्हा उभे करता येते; पत गेली तर दोन पिढ्या लागतात. शेतकरी आपल्या विश्वासावर माल टाकून जातो, गिरणीवाला आपल्या शब्दावर गाडी पाठवितो. वायद्याचा तोटा पेढीच्या खेळत्या भांडवलातून भरला गेला की पहिली चिठ्ठी परत येते ती शेतकऱ्याची.

म्हणून घरातील तरुणांना वायदेबाजाराची केवळ बंदी करून भागणार नाही. पडदा त्यांच्या खिशातच आहे. त्यांना हिशेब शिकवावा. सौदा करण्यापूर्वी एका कागदावर तीन आकडे लिहावयास लावावे : वखारीत माल किती, सौद्याचे माप किती, आणि भाव उलटा गेला तर रुपये किती. पहिला आकडा दुसऱ्याहून लहान असेल तर सौदा करू नये. तिसरा आकडा घरातील वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने वाचता येत नसेल तरीही करू नये. हे तीन आकडे जुळले की मग दलालाचे नाव शोधावे. आणि न जुळल्यास वखारीला कुलूप लावून, पावती बँकेत ठेवून, स्वस्थ झोपावे.